कियान्तीच्या पांढऱ्या वाटा

इटलीच्या टस्कनी प्रांतांत, फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या दरम्यान जो डोंगराळ मुलूख पसरलेला आहे त्याला कियान्ती असें म्हणतात. तेथील द्राक्षाच्या मद्यामुळें हें नांव जगभर झालेलें आहे. परंतु माझा आजचा विषय तें मद्य नव्हे, तर ज्या वाटांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या मालकांच्या तळघरांत पोंचलें त्या वाटा हा आहे. या टेकड्यांमधून, आणि सिएनाच्या आग्नेयेस पसरलेल्या चिकणमातीच्या उघड्या माळांमधून, शेंकडों किलोमीटर लांबीचे बिनडांबरी रस्ते अद्यापि वापरांत आहेत. तेथील लोक त्यांना 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढरे रस्ते, म्हणतात. आसपासचाच चुनखडीच्या जातीचा दगड फोडावयाचा, त्याची बारीक खडी पसरावयाची आणि ती दाबून घ्यावयाची, एवढीच त्यांची रचना. उन्हाळ्यांत त्यांवरून एक गाडी गेली तरी मैदा सांडल्यासारखी धूळ दोन्ही कडेच्या वेलींवर बसते. आणि पाऊस पडला कीं तोच मैदा कणकेसारखा चाकांना चिकटतो.

या रस्त्यांवर मोटारी फार थोड्या दिसतात. एका बाजूस द्राक्षमळे आणि ऑलिव्हचीं झाडें, दुसऱ्या बाजूस ओक आणि चेस्टनट यांचें रान, अशा वाटेनें जाड टायरांच्या सायकलींवर बसून दिवसचे दिवस भटकणारे लोक आज तेथें देशोदेशींहून येतात. खडीवर चालण्याकरितां मुद्दाम बनविलेल्या या सायकलीला 'ग्रॅव्हल बाइक' असें नांव पडलें आहे. पाहुण्याला वाटतें कीं, ही सारी शोभा निसर्गाचीच. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथें एक प्रश्न पडावयास हवा. केवळ मोटारींकरितां राखलेला जगांतील पहिला महामार्ग म्हणून ज्याचें नांव घेतात तो रस्ता याच देशानें बांधला. मिलान ते वारेझे हा त्याचा पहिला भाग १९२४ च्या सप्टेंबरांत खुला झाला. अशा देशाच्या ऐन मध्यभागीं, दोन संपन्न शहरांच्या मध्यें, ही खडी उरली कशी?

कियान्ती हा मुळांत सरहद्दीचा मुलूख. फ्लॉरेन्स आणि सिएना या नगरराज्यांचें मध्ययुगांत हाडवैर होतें, आणि मधल्या टेकड्यांवर दोघांचाहि डोळा होता. या सीमेविषयीं एक आख्यायिका तेथें सांगतात. दोन्ही शहरांतून कोंबडा आरवतांच एकेक स्वार निघावा, आणि ते जेथें भेटतील तेथें सीमेचा दगड रोवावा, असें ठरलें. सिएनाकरांनीं पांढरा कोंबडा घेतला आणि त्याला खाऊं घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सकरांनीं काळा कोंबडा घेऊन त्याला उपाशी कोंडून ठेवला. भुकेला कोंबडा पहांटेच्या पुष्कळ आधींच ओरडूं लागला, पोट भरलेला मात्र सूर्य वर येईपर्यंत झोंपून राहिला. आणि सिएनाचा स्वार आपल्या वेशीपासून थोडेच मैल दूर आला नाहीं तोंच त्याला समोरून फ्लॉरेन्सचा स्वार येतांना दिसला. ही कथा खरी मानण्याचें कारण नाहीं. गायोले, राद्दा आणि कास्तेल्लीना या तीन गांवांचा संघ चौदाव्या शतकांत फ्लॉरेन्सच्या छत्राखालीं होता, आणि तो कोंबड्यानें नव्हे तर सैन्यानें राखला होता. पण काळा कोंबडा तेवढा राहिला. आजहि कियान्तीच्या बाटलीवर त्याचें चित्र असतें. पुढें १७१६ सालीं टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें फर्मान काढून कियान्तीच्या मद्याचा प्रदेश कोणता हें ठरवून दिलें. मद्याच्या मुलखाला कायद्यानें सीमा घालून देण्याचा इतका जुना प्रयत्न युरोपांत क्वचितच सांपडेल.

तथापि रस्त्यांचें दाट जाळें विणलें तें ड्यूकांनीं नव्हे आणि सेनापतींनींहि नव्हे. तें विणलें अर्धेलीनें.

टस्कनींतील शेती कित्येक शतकें 'मेद्झाद्रिया' या पद्धतीनें चालत असे. आपल्याकडे अर्धेलीनें शेत करणें म्हणतात तोच हा प्रकार. जमीन व घर मालकाचें, श्रम कुळाच्या सबंध कुटुंबाचे, आणि पीक निम्में निम्में. परंतु आपल्याकडील व्यवस्थेहून तिच्यांत एक मोठा भेद होता, आणि माझ्या मतें रस्त्यांचें सारें रहस्य त्या भेदांत आहे. आपल्याकडे गांवठाण एका ठिकाणीं असतें आणि शेतें त्याच्या भोंवतीं पसरलेलीं असतात. शेतकरी सकाळीं शिवारांत जातो आणि सांजेला गांवांत परत येतो. टस्कनींतील अर्धेलकरी शेतांतच राहत असे. त्याच्या शेताला 'पोदेरे' म्हणत. टेकडीच्या माथ्यावर एकटें दगडी घर, खालच्या मजल्यावर बैलांचा गोठा, वरच्या मजल्यावर माणसें, अंगणांत भट्टी आणि विहीर. दहा दहा, पंधरा पंधरा माणसांचें कुटुंब तेथें नांदे. अशीं कांहीं पोदेरे मिळून एक 'फात्तोरिया', म्हणजे मालकाची मोठी वाडी होई. तेथें त्याचा कारभारी बसे, आणि तेलाची घाणी, मद्याचीं पिंपें व हिशेबाच्या वह्या तेथेंच असत.

घरें अशीं विखुरलेलीं असलीं म्हणजे प्रत्येक घराला वाट हवी. एक वाट कारभाऱ्याच्या वाडीकडे, एक गिरणीकडे, एक चर्चकडे, आणि नांगरणीला व मळणीला माणसें कमी पडलीं तर ज्यांना हांक मारावयाची त्या शेजाऱ्याकडे एक. खोऱ्यांत चिखल होतो म्हणून या वाटा शक्य तों टेकडीच्या कण्यावरून चालत. पांढऱ्या बैलांच्या गाडीला पेलेल असाच चढ त्या घेत, आणि जेथें घराकडे फांटा फुटे तेथें एखादा उंच सायप्रस खूण म्हणून उभा असे. आज ज्या वळणावर सायकलस्वार थांबून छायाचित्र घेतो तें वळण पुष्कळदां कोणा बैलाच्या दमासाठीं घेतलेलें असतें. पिकाचा निम्मा वांटा याच वाटांनीं वाडीकडे जाई, आणि त्याबरोबर कोंबड्या व अंडीहि ठरल्या दिवशीं मालकाच्या दारीं पोंचवावीं लागत. हिशेब कारभाऱ्याच्या हातचा. वर्ष वाईट गेलें तर बाकी कुळाच्या नांवें पुढें ओढली जाई, आणि बाकीदार कुळाला मालकासमोर मान वर करण्याची सोय नसे.

गायोलेच्या दक्षिणेस ब्रोलिओ येथें रिकासोली घराण्याचा किल्ला आहे. त्या घराण्यांतील बेत्तीनो रिकासोली हे संयुक्त इटलीचे दुसरे पंतप्रधान. काव्हूरच्या मृत्यूनंतर १८६१ सालीं त्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. परंतु मद्य करणाऱ्यांत त्यांची कीर्ति आहे ती १८७२ च्या एका पत्रामुळें. कियान्तींत सान्जोव्हेसे हें द्राक्ष मुख्य असावें, त्याच्या जोडीला कानायोलो असावें, आणि लवकर प्यावयाच्या मद्यांतच माल्व्हाझिया घालावें, असें त्यांनीं अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर त्यांत लिहिलें. मात्र रिकासोलींच्या काळचा द्राक्षमळा आजच्यासारखा नव्हता. वेली मेपलच्या झाडांवर चढविलेल्या असत, त्यांच्या मधल्या पट्ट्यांत गहूं पिकत असे, आणि बांधाला ऑलिव्ह. ज्या कुटुंबाला वर्षभराची भाकरी त्याच तुकड्यांतून काढावयाची त्याला एकटें द्राक्ष लावणें परवडण्यासारखें नव्हतें. टेकड्यांवर आज दिसणाऱ्या सरळ रांगा १९६० नंतरच्या आहेत.

आतां या वाटांवर सायकल आली कशी तें पाहूं. कार्ल द्राइस यानें १८१७ सालीं जर्मनींत मानहाइम येथें दोन चाकांचें लांकडी यंत्र पायांनीं जमीन ढकलीत चालविलें. डनलॉपचा हवेचा टायर १८८८ मधला. त्यानंतर सायकल झपाट्यानें पसरली, आणि तिच्यावर बसणाऱ्या शहरी लोकांना पहिलें दुःख झालें तें रस्त्यांचें. खांचखळगे, धूळ आणि चिखल यांविरुद्ध युरोप-अमेरिकेंत प्रथम संघटित ओरड केली ती मोटारवाल्यांनीं नव्हे, सायकलवाल्यांनीं. इटलींत १८९४ च्या नोव्हेंबरांत ५७ सायकलस्वारांनीं मिलान येथें एक मंडळ स्थापिलें, 'तूरिंग क्लब चिक्लिस्तिको इतालियानो'. चांगले रस्ते, दिशादर्शक पाट्या, नकाशे आणि पथिकाश्रमांची यादी हें त्यांचें कार्य. पुढें इटलीचा जो उत्कृष्ट रस्ते-नकाशा तयार झाला तो याच मंडळाचा. परंतु १९०० सालीं मंडळानें आपलें नांव बदललें, आणि त्यांतून जो एकच शब्द गळाला तो 'सायकलींचा' या अर्थाचा होता. मोटार आलेली होती.

मोटारीनें खडीच्या रस्त्याचें रूपच पालटलें. बैलगाडीचें लोखंडी चाक खडी दाबीत जातें; वेगानें पळणारा रबरी टायर खडीच्या फटींतील बारीक माती शोषून वर उडवितो, आणि माती गेली कीं खडी सुटते. भूमध्य समुद्राच्या कांठच्या श्रीमंत हवापाण्याच्या गांवांत या धुळीनें लोक त्रासले. तेव्हां मोनाको येथें एर्नेस्ट गूल्येल्मिनेत्ती या स्विस डॉक्टरानें १९०२ सालीं रस्त्यावर गरम डांबर ओतून पाहिलें. धूळ बसली. लोकांनीं त्या डॉक्टराला 'डॉक्टर डांबर' असें नांव दिलें, आणि पुढील पन्नास वर्षांत युरोपचे मुख्य रस्ते काळे होत गेले. सायकलस्वारानें मागितलेला गुळगुळीत रस्ता त्याला मिळाला; फक्त तो मिळेपर्यंत त्यावर दुसऱ्याच कोणाचें राज्य झालें होतें.

हा पालट सर्वत्र एकदम झाला नाहीं. फ्लॉरेन्सच्या दक्षिण वेशीवर पोन्ते आ एमा या खेड्यांत १९१४ सालीं जन्मलेला जीनो बार्ताली १९३८ आणि १९४८ अशा दोन वर्षीं फ्रान्सची मोठी शर्यत जिंकला. त्याच्या आणि फाउस्तो कॉप्पीच्या काळीं आल्प्समधील कित्येक घाट खडीचेच होते, आणि टायर फुटला तर दुरुस्तीसाठीं जादा टायर खांद्यांवर गुंडाळून घेऊन स्वार निघत असत. त्या पिढीला खडी ही हौस नव्हती. रस्ता म्हणजे खडीच.

या दोन विजयांच्या मध्यें महायुद्ध झालें, आणि त्यांत कियान्तीच्या वाटांवर आपलींहि माणसें चाललीं. १९४४ च्या उन्हाळ्यांत आठवी हिंदी डिव्हिजन फ्लॉरेन्सकडे सरकत असतां मराठा पलटणीचे जवान माँतेगुफोनीच्या किल्ल्यांत पोंचले. बाँबहल्ल्यांपासून वांचविण्याकरितां फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयांतील चित्रें तेथें आणून ठेवलेलीं होतीं, आणि त्यांत बोत्तिचेल्लीचें 'प्रिमाव्हेरा', म्हणजे वसंत, हें चित्रहि होतें. त्यावर पहारा केला तो मराठ्यांनीं. त्याच उन्हाळ्यांत, १० जुलै रोजीं, पूर्वेकडे टायबरच्या वरच्या खोऱ्यांत कुलाबा जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे यांनीं एकट्यानें शत्रूच्या मशीनगनचें ठाणें घेऊन प्राण दिला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्ध संपलें आणि अर्धेलीचाहि अंत जवळ आला. ज्या पोरांनीं रेडिओ ऐकला होता, सैन्यांत किंवा डोंगरांत बंदूक धरली होती, त्यांना कारभाऱ्यापुढें टोपी काढून उभें राहणें जड जाऊं लागलें. खोऱ्यांतील कारखान्यांत दर महिन्यास पगार मिळत होता आणि शहरांतील घराला नळ होता. १९५० नंतरच्या वीस वर्षांत टेकड्यांवरील पोदेरे एकामागून एक ओस पडलीं. १५ सप्टेंबर १९६४ च्या कायद्यानें अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी झाली, आणि १९८२ च्या कायद्यानें उरलेल्या करारांचें साध्या खंडांत रूपांतर करण्याची सोय केली. परंतु कायदा येईपर्यंत बहुतेक कुटुंबें निघून गेलेलीं होतीं. ओस शेतांवर रान वाढलें. आजच्या कियान्तींत द्राक्षांहून रानाचा विस्तार किती तरी अधिक आहे, आणि त्यांतील पुष्कळसें या पन्नास-साठ वर्षांतलें आहे.

प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. ज्या वर्षांत इटलींतील लहान रस्त्यांवर डांबर पडत होतें त्याच वर्षांत या रस्त्यांवर राहणारें कोणी उरलें नव्हतें. नगरपालिकेकडे अर्ज करावयास, मतें मागावयास आलेल्या उमेदवाराला चिखल दाखवावयास, दारांत माणूस नव्हता. पांढरे रस्ते जतन झाले ते कोणी जतन केले म्हणून नव्हे. पुढें इंग्रज, जर्मन आणि स्विस लोकांनीं तीं रिकामीं घरें स्वस्तांत घेऊन दुरुस्त केलीं. इंग्रज तर इतके आले कीं, या भागाला थट्टेनें 'कियान्तीशायर' म्हणूं लागले. मोठ्या मद्यकंपन्याहि आल्या. पैसा आला कीं डांबर येतें, आणि १९९० च्या सुमारास खडीचा एकेक तुकडा नाहींसा होऊं लागला.

गायोलेच्या जानकार्लो ब्रोच्ची यांना ही गोष्ट खुपली. त्यांनीं १९९७ सालीं 'लेरोइका', म्हणजे शूरांची फेरी, सुरू केली. पहिल्या वर्षीं ९२ सायकलस्वार आले. नियम असा कीं, सायकल १९८७ च्या पूर्वींची, पोलादी सांगाड्याची असावी, गियरच्या दांड्या सांगाड्याच्या तिरप्या नळीवर असाव्या, ब्रेकच्या तारा हँडलबाहेर दिसाव्या, पायांना चामड्याचे पट्टे असावे. अंगांत लोकरी सदरा. वाटेंत विश्रांतीच्या ठिकाणीं शिळ्या पावाचें व भाज्यांचें दाट सूप, आणि मद्यांत भिजवून साखर लावलेला पाव. हें सारें जुन्याची नक्कल वाटण्यासारखें आहे, आणि तशी टीका कोणी केली तर तिचा प्रतिवाद मी करणार नाहीं. पण हेतु सायकलींचा नव्हता, रस्त्यांचा होता. ज्या रस्त्यावरून दर ऑक्टोबरांत हजारों लोक जातात आणि गांवांत दोन दोन रात्री राहतात त्या रस्त्यावर डांबर घालण्यापूर्वीं नगरपालिका दोनदां विचार करते. भावनेपेक्षां या हिशेबानें रस्ते अधिक वांचले असें मला वाटतें.

योगायोग असा कीं, त्याच १९९७ सालीं फ्रान्समध्येंहि द्राक्षांच्या मुलखांत एक निर्धोक वाट खुली झाली. बर्गंडींत जीव्री ते क्लूनी ही बंद पडलेली आगगाडीची वाट रूळ उपटून सुमारें ४४ किलोमीटर सायकलवाल्यांना व पादचाऱ्यांना दिली. तेथें मोटारीला मज्जावच आहे, चढ आगगाडीचा म्हणून सौम्य आहे, आणि जुनीं स्टेशनें वाटेंत उभीं आहेत. मुलांना घेऊन जावयाचें तर तीच वाट बरी. कियान्तीच्या वाटांवर मात्र कायद्याची मनाई नाहीं. तेथें मोटार येत नाहीं ती बहुधा धुळीच्या आणि खळग्यांच्या भयानें.

२००७ सालीं व्यवसायी स्वारांची शर्यत याच रस्त्यांवर सुरू झाली. आज तिचें नांवच 'स्त्रादे बियांके' आहे, आणि तिचा शेवट सिएनाच्या शिंपल्याच्या आकाराच्या चौकांत होतो. २०१५ पासून स्त्रियांचीहि शर्यत तेथें होते. या रस्त्यांचें खरें रूप जगानें पाहिलें तें मात्र १५ मे २०१० रोजीं. इटलीच्या मोठ्या शर्यतीचा मोन्ताल्चीनोचा टप्पा धो धो पावसांत सांपडला, आणि कोणाचा सदरा कोणत्या रंगाचा हेंहि ओळखूं येईना इतके सारे स्वार चिखलानें माखले. जिंकलेला ऑस्ट्रेलियन कॅडल एव्हान्स जगज्जेता म्हणून इंद्रधनुष्याचा सदरा घालून होता. त्याचीं छायाचित्रें पाहिलीं तर इंद्रधनुष्य शोधावें लागतें. पुढें खडीवरच्या सायकलशर्यतीची पहिली जागतिक स्पर्धा २०२२ सालीं भरली तीहि इटलींतच, व्हिचेन्झा ते चित्तादेल्ला या मार्गावर.

ज्यांना या रस्त्यांवर रोज राहावें लागतें त्यांची बाजू मात्र या उत्सवांत ऐकूं येत नाहीं. ओले कपडे दोरीवर घातले कीं त्यांवर धूळ. पावसाळ्यांत डॉक्टरला गाडी खालींच ठेवून चालत यावें लागतें. शिवाय खडीचा रस्ता एकदां करून भागत नाहीं. दर मोठ्या पावसानंतर कडेच्या चऱ्या उपसाव्या लागतात, वाहून गेलेली खडी पुन्हां पसरावी लागते, खळगे बुजवावे लागतात. आणि तो खर्च पाहुणा नव्हे, गांव करतें. अशा एखाद्या रहिवाशानें डांबर मागितलें तर त्याला अरसिक म्हणण्याचा अधिकार दोन दिवसांच्या प्रवाशाला पोंचत नाहीं. पूर्वीं या वाटा अर्धेलकऱ्यांकडून दुरुस्त करून घेतल्या जात, तेंहि बिनपगारी.

लेरोइकाच्या सबंध मार्गावर आतां कायमच्या पाट्या लावलेल्या आहेत. तो दोनशें किलोमीटरांहून किंचित् अधिक आहे, त्यांतील निम्म्याच्या आसपास खडीचा आहे, आणि वर्षांतील कोणत्याहि दिवशीं, कोणाचीहि परवानगी न घेतां, वाटेल त्या सायकलीनें करतां येतो. आश्यानोजवळचा मोन्ते सान्ते मारीए हा त्यांतील सर्वांत अवघड तुकड्यांपैकीं एक. तीनदां शर्यत जिंकणाऱ्या फाबियान कान्चेल्लारा या स्विस स्वाराचें नांव त्याला दिलेलें आहे. मार्चांत तेथून शर्यत जाते, ऑक्टोबरांत लोकरी सदऱ्यांची फेरी. मधल्या महिन्यांत त्या वाटेवर ट्रॅक्टर, टपालाची गाडी आणि रात्रीचीं रानडुकरें, एवढीच रहदारी असते.